धोकादायक औषध साठवणारी आणि आतच मिसळणारी सिरिंज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘धोकादायक औषध’ कशाला म्हणायचे? सगळीच औषधे चुकीच्या मात्रेत धोकादायक असतात ना?

असतात, पण येथे प्रश्न रुग्णापेक्षा औषध हाताळणाऱ्या माणसाचा आहे. ज्या औषधामुळे कर्करोग होऊ शकतो, गर्भात व्यंग निर्माण होऊ शकते, प्रजननक्षमतेवर परिणाम होतो, जनुकांना इजा पोहोचते किंवा अगदी थोड्या मात्रेतही एखाद्या अवयवाला अपाय होतो, त्या औषधांचा या गटात समावेश होतो. केमोथेरपीची बहुतेक औषधे, काही संप्रेरके आणि काही विषाणुविरोधी औषधे यात येतात. ज्याला कर्करोग झाला आहे त्याच्यासाठी ही जोखीम पत्करण्यासारखी असते. मात्र जी परिचारिका वर्षानुवर्षे दिवसाला अनेक इंजेक्शने तयार करते, तिला त्या औषधाचा काहीही उपयोग नसतो आणि अपाय मात्र साचत जाऊ शकतो. १९७९ साली फिनलंडमधील संशोधकांनी कर्करोगाची औषधे हाताळणाऱ्या परिचारिकांच्या मूत्रात जनुकीय बदल घडवणारी क्रियाशीलता आढळल्याचे ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले आणि या विषयाकडे गांभीर्याने पाहिले जाऊ लागले. अमेरिकेतील ‘नायॉश’ या कामगारांच्या आरोग्य-सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या संस्थेने २००४ मध्ये याविषयी सविस्तर इशारा दिला. तिची धोकादायक औषधांची यादी आजही वेळोवेळी सुधारली जाते.

साधी सिरिंज आणि कुपी घेऊन, पुरेशी काळजी घेतली तर हे काम सुरक्षितपणे होत नाही का?

काळजीला मर्यादा आहेत, कारण गळतीमागे बऱ्याचदा निष्काळजीपणा नसून भौतिकशास्त्र असते. समजा एका कुपीत भुकटीवर २० मि.लि. मोकळी जागा आहे आणि आपण तिच्यात सुईने १० मि.लि. पाणी सोडले. आतल्या हवेला बाहेर पडायला वाट नसेल, तर ती निम्म्या जागेत दाबली जाते आणि तिचा दाब दुप्पट होतो. सुई बाहेर काढताच रबरी बुचाच्या छिद्रातून बारीक तुषार उडतात, आणि ते इतके सूक्ष्म असतात की डोळ्यांना दिसत नाहीत. अनुभवी हात सुईने थोडी हवा ओढून घेतात, थोडे पाणी सोडतात, पुन्हा थोडी हवा ओढतात आणि कुपीतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी ठेवतात. ही पद्धत उत्तम आहे. पण पाळीच्या शेवटच्या तासात, थकलेल्या हातांनी, ती दर वेळी तितकीच अचूक साधेल असे गृहीत धरून आरेखन करता येत नाही.

प्रशिक्षणात औषधाऐवजी फ्लुरेसीन हा चमकणारा रंग वापरून हाच सराव करून घेतात. काम संपल्यावर दिवे मालवून अतिनील दिवा लावला की हिरवे ठिपके दिसू लागतात: तर्जनीच्या टोकावर, मनगटाशी हातमोज्याच्या काठावर, कुपीच्या गळ्याभोवती, आणि मला स्वतःला पहिल्या वेळी सर्वांत अनपेक्षित वाटलेली जागा म्हणजे दट्ट्याच्या दांडीवर. आपल्याकडून एक थेंबही सांडला नाही याची मला तोपर्यंत पक्की खात्री होती.

आतच औषध मिसळणारी, म्हणजे दोन कप्प्यांची सिरिंज आतून कशी असते?

एकाच नळीत दोन कप्पे असतात. सुईकडच्या पुढच्या कप्प्यात गोठवून सुकवलेली भुकटी, मागच्या कप्प्यात द्रावक, आणि दोघांमध्ये एक रबरी बूच. मागच्या कप्प्याच्या शेवटी दुसरे बूच असते आणि दट्ट्या त्यालाच जोडलेला असतो. नळीच्या भिंतीला एका ठिकाणी बाहेरच्या बाजूने लहानसा फुगवटा दिलेला असतो, आणि सगळी करामत त्या फुगवट्यात आहे. दट्ट्या दाबला की द्रावक दाबले जात नसल्यामुळे मधले बूच पुढे सरकते. ते फुगवट्यासमोर आले की द्रावकाला बुचाला वळसा घालून जाण्याची वाट मिळते आणि ते पुढच्या कप्प्यात उतरते. द्रावक संपले की मागचे बूच मधल्या बुचाला जाऊन टेकते आणि पुढे दोन्ही मिळून एकाच दट्ट्यासारखी चालतात.

फुगवट्याची लांबी मधल्या बुचाच्या लांबीपेक्षा जास्त असावी लागते, अन्यथा वाट कधी उघडतच नाही. ती फार जास्त असेल तर औषध देताना तेच फुगवट्यातून मागे झिरपण्याची शक्यता वाढते. एकदोन मिलिमीटरांचा हा हिशेब कागदावर सोपा दिसतो. प्रत्यक्षात काच वितळवून फुगवटा काढताना आणि रबर घडवताना जो सूक्ष्म फरक पडतो, तोही त्यात धरावा लागतो.

प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगात दिले जाणारे ल्युप्रोलाइड हे संप्रेरकावर काम करणारे औषध अशा सिरिंजमध्ये कित्येक वर्षे मिळते. त्याच्या नळीवर मध्यभागी एक निळी रेष असते, आणि सूचना अशी असते की सिरिंज उभी धरून दट्ट्या सहा ते आठ सेकंद सावकाश दाबावा आणि मधले बूच निळ्या रेषेशी आले की थांबावे.

द्रव पुढच्या कप्प्यात आले, तर तिथली हवा कुठे जाते?

या विषयातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न माझ्या मते हाच आहे, आणि नवख्या आरेखकाच्या चित्रात नेमके याचेच उत्तर नसते. नेहमीच्या औषधांसाठी उत्तर सोपे आहे: सिरिंज उभी धरा, हवा सुईवाटे निघून जाईल. धोकादायक औषधाच्या बाबतीत ती निघून जाणारी हवा हीच गळती असते, कारण तिच्याबरोबर भुकटीचे कण, तुषार आणि काही औषधांची बाष्पेही बाहेर येतात.

टोक बंद ठेवले तर काय होते ते पाहू. पुढच्या कप्प्यात २ मि.लि. हवा आहे आणि आपण १ मि.लि. द्रावक आत ढकलले. हवेचा दाब दुप्पट झाला. नळीचा आतला व्यास १० मिलिमीटर असेल, तर बुचाचे क्षेत्रफळ साधारण ७८ चौरस मिलिमीटर भरते आणि वाढलेला दाब त्यावर जवळपास ८ न्यूटन बलाने, म्हणजे सुमारे ८०० ग्रॅम वजनाइतका, उलटा रेटा देतो. अंगठा उचलला की दट्ट्या मागे येतो, आणि त्याच अवस्थेत कोणी टोपण काढले तर आतला दाब औषधासकट मोकळा होतो. व्यास २० मिलिमीटर केला तर हाच रेटा चौपट होतो, म्हणून मोठ्या आकारमानाच्या औषधासाठी हीच रचना नुसती मोठी करून चालत नाही.

यावर तीन मार्ग आहेत. पहिला, पुढचा कप्पा भरतानाच कमी दाबाखाली बंद करणे. आतला दाब वातावरणाच्या एक पंचमांश असेल, तर वरच्या उदाहरणात मिश्रणानंतरही तो दोन पंचमांशच राहतो, आणि टोपण काढल्यावर बाहेरची हवा आत जाते, आतली बाहेर येत नाही. सुकवण्याची प्रक्रिया मुळात निर्वात कक्षातच होत असल्यामुळे हे करणे सोयीचेही आहे. पण याची किंमत साठवणीत मोजावी लागते: मधल्या बुचाला महिनोन्महिने सहा न्यूटनांहून अधिक बलाने पुढे ओढले जाते आणि केवळ रबर व काच यांच्यातल्या घर्षणाने त्याला जागेवर धरून ठेवायचे असते. घर्षण कमी पडले तर औषध कपाटातच मिसळेल. ते फार वाढवले तर वापरणाऱ्याच्या अंगठ्याला दट्ट्या हलवणे कठीण जाईल.

दुसरा मार्ग म्हणजे टोकाजवळ एक लवचीक पिशवी ठेवून विस्थापित हवा तिच्यात साठवणे. तिसरा मार्ग मला सर्वांत देखणा वाटतो. दट्ट्या पुढे गेला की पुढे जितकी जागा कमी होते, जवळजवळ तितकीच त्याच्या मागे मोकळी होते. मागची बाजू बंद केली आणि पुढून मागे हवेला स्वतंत्र वाट दिली, तर हवा सिरिंजच्या आतल्या आतच फिरते आणि दाब वाढण्याचा प्रश्न फारसा उरत नाही. कुपीतून औषध काढणाऱ्या काही बंद प्रणालींमध्ये, म्हणजे औषध किंवा त्याची बाष्पे बाहेर न सोडणाऱ्या साधनांमध्ये, हे तत्त्व वापरले जाते. तिथे भाग वाढतात आणि प्रत्येक वाढीव सांधा तपासावा लागतो, हे मान्य करावे लागेल.

मग औषध आधीच विरघळवून का भरून ठेवत नाहीत?

जिथे जमते तिथे तसेच करतात. संधिवातासाठी घेतले जाणारे मेथोट्रेक्सेट तयार भरलेल्या सिरिंजमध्ये मिळते आणि रुग्ण ते घरी टोचून घेतात. पण अनेक औषधे पाण्यात टिकत नाहीत. अॅझासिटिडीन पाण्याच्या संपर्कात आले की त्याचे विघटन सुरू होते आणि खोलीच्या तापमानात तयार मिश्रण तासाभराच्या आत वापरावे लागते. मेल्फालानच्या जुन्या, सर्रास वापरल्या जाणाऱ्या स्वरूपातही विरघळवल्यापासून साठ मिनिटांत औषध रुग्णाला देऊन संपवावे लागते. अशा औषधांसाठी ‘टोचण्यापूर्वी काही क्षण, बंद नळीत’ हीच मिसळण्याची योग्य वेळ आणि जागा ठरते.

कोणतेही औषध अशा सिरिंजमध्ये भरता येईल का?

नाही. कारमुस्टिनचे उदाहरण घ्या. ते आधी ३ मि.लि. निर्जल अल्कोहोलमध्ये विरघळवायचे आणि मग २७ मि.लि. पाणी घालायचे असते. म्हणजे दोन द्रावके, ठरलेल्या क्रमाने, आणि शेवटी ३० मि.लि. आकारमान. शिवाय त्याचा वितळणबिंदू ३१ अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. शीतसाखळी तुटली की कुपीच्या तळाशी तेलकट थर दिसतो आणि ते औषध फेकून द्यावे लागते. अशा औषधाला दोन कप्प्यांत बसवण्याचा अट्टहास करण्यापेक्षा कुपी, बंद जोडणी आणि सलाईनची पिशवी हाच मार्ग बरा.

साठवणीच्या काळात काय बिघडू शकते?

मधल्या बुचाच्या एका अंगाला पाणी आणि दुसऱ्या अंगाला पाण्याला घाबरणारी भुकटी, असा हा दोन वर्षांचा शेजार असतो. रबर पूर्णपणे जलरोधक नसते. ब्रोमोब्युटिल रबरातून बाष्प फार मंद गतीने जाते म्हणूनच ते निवडतात. तरीही वाफेने निर्जंतुक करताना रबराने शोषलेले पाणी नीट सुकवले नाही, तर तेच पुढे हळूहळू भुकटीत उतरते. त्यामुळे कधीकधी मुदत औषधापेक्षा बुचावरून ठरते.

दुसरी गोष्ट विमानप्रवासाची. मालाच्या विमानात हवेचा दाब सुमारे ७५ किलोपास्कलपर्यंत उतरू शकतो, तर जमिनीवर तो १०१ असतो. द्रावकाच्या कप्प्यात ०.३ मि.लि. हवेचा बुडबुडा राहिला असेल, तर तो ०.४ मि.लि. होऊ पाहतो आणि बुचांना ढकलतो. मधले बूच फुगवट्यापर्यंत पोहोचले तर सगळे संपले. म्हणून द्रावक शक्यतो बुडबुडा न ठेवता भरतात, दट्ट्या मागेपुढे सरकू नये म्हणून आडवी खीळ बसवतात, आणि कमी दाबाच्या कक्षात ठेवून बूच किती हलले ते मोजतात.

तिसरी गोष्ट सिलिकॉन तेलाची. बूच सहज सरकावे म्हणून नळीला आतून तेलाचा पातळ थर देतात. दीर्घकाळ एकाच जागी दाबून राहिलेल्या बुचाखालून हा थर निघून जातो, आणि ते पहिल्यांदा हलवायला अधिक जोर लागतो. माणूस जोर लावतो, बूच एकदम सुटते, आणि जे मिश्रण सावकाश व्हायचे ते झटक्यात होते.

काच चांगली की प्लास्टिक?

औषध कशात विरघळले आहे हे पाहिल्याशिवाय उत्तर देता येत नाही. बोरोसिलिकेट काच बाष्प आणि वायू अडवते व बहुतेक द्रावकांना दाद देत नाही, पण पडली की फुटते, आणि धोकादायक औषधाची सिरिंज फुटणे म्हणजे संपूर्ण खोलीची सफाई. चक्रीय ओलेफिनचे पारदर्शक प्लास्टिक फुटत नाही. मात्र काचेच्या तुलनेत त्यातून ऑक्सिजन अधिक जातो.

याहून जास्त घात होतो तो जोडणीच्या लहान प्लास्टिक भागांत. बुसल्फान डायमिथाइल अॅसिटामाइडमध्ये विरघळवलेले असते आणि त्याच्यासाठी पॉलिकार्बोनेटची सिरिंज वापरू नये असे त्याच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेले आहे. बेंडामुस्टिनच्या एका द्रवरूप उत्पादनातही हेच द्रावक होते. पॉलिकार्बोनेट किंवा एबीएस असलेल्या बंद प्रणालींबरोबर ते वापरू नये, कारण ते भाग विरघळू शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाला २०१५ मध्ये द्यावा लागला. गळती थांबवण्यासाठी बसवलेले साधनच औषधात विरघळते, याहून मोठी विसंगती कोणती असेल? म्हणून आरेखनाच्या सुरुवातीलाच औषधाबरोबर त्याच्या द्रावकाचाही प्रत्येक भागाशी संबंध तपासायचा असतो, आणि त्यात गोंदही आले.

हवेच्या वाटेवर गाळणी बसवली तर पुरेसे नाही का?

०.२ मायक्रोमीटरची जलरोधी गाळणी जंतू आणि कण अडवते. बाष्प हे रेणूंच्या स्वरूपात असते आणि ते आरपार जाते. सक्रिय कोळशाचा थर बाष्प शोषतो, परंतु त्याची क्षमता मर्यादित असते आणि ती संपल्याचे बाहेरून दिसत नाही. औषध बाष्पीभवन होणारे असेल, तर हवा बाहेर सोडून गाळण्यापेक्षा ती आत अडवून ठेवणेच योग्य. नायॉशने २००४ मध्ये केलेल्या बंद प्रणालीच्या व्याख्येतही बाहेरचे दूषित घटक आत जाऊ न देणे आणि औषध किंवा त्याची बाष्पे बाहेर पडू न देणे या दोन्ही गोष्टी यांत्रिक रचनेने साधाव्यात, असेच अपेक्षित आहे.

गळती फक्त सुईच्या टोकाशीच होते ना?

वर सांगितलेले दांडीवरचे हिरवे ठिपके आठवा. दट्ट्या मागे ओढून औषध आत घेतले की ते नळीच्या भिंतीला लागते. तो पुढे नेला की भिंतीवर अतिशय पातळ थर मागे राहतो, आणि मागून उघडी असलेली सिरिंज तो थर थेट खोलीच्या हवेत आणि दांडी पकडणाऱ्या बोटांपर्यंत पोहोचवते. सिरिंज तीन चतुर्थांशापेक्षा जास्त भरू नये हा जुना नियम दट्ट्या निसटून बाहेर येऊ नये यासाठी आहे; या थरावर त्याचा उपाय नाही. मागची बाजू झाकलेली, दांडी कवचात बंद असलेली रचना हाच त्यावरचा खरा उपाय. दोन कप्प्यांच्या सिरिंजला येथे एक नैसर्गिक फायदा मिळतो: औषध पुढच्या कप्प्यात असते आणि दट्ट्या एकाच दिशेने जातो, त्यामुळे टोचायला सुरुवात होईपर्यंत औषधाने ओली झालेली भिंत मागे उघडी पडत नाही. दट्ट्या परत मागे ओढता येणार नाही अशी दातेरी अडवण दिली, म्हणजे हा फायदा वापरणाऱ्याच्या सवयीवर अवलंबून राहत नाही.

मिसळताना सिरिंज किती हलवावी?

औषधागणिक वेगळे. अॅझासिटिडीन त्वचेखाली देताना ते गढूळ निलंबन असते आणि टोचण्याआधी सिरिंज दोन्ही तळव्यांमध्ये लाटून एकजीव करावी लागते. प्रतिपिंडाला विषारी रेणू जोडलेली नवी औषधे जोरात हलवली तर फेस येतो आणि प्रथिनाच्या गुठळ्या होतात. ती हलकेच गोल फिरवायची असतात. अरुंद नळीत द्रव गोल फिरत नाही, ही दोन कप्प्यांच्या सिरिंजची उघड उणीव आहे. भुकटीचा तळ सच्छिद्र ठेवणे आणि द्रावकाची धार भिंतीवरून उतरवणे, अशा उपायांनी ती काही अंशी भरून निघते.

प्रत्येक रुग्णाची मात्रा वेगळी असते. आधीच भरलेल्या सिरिंजचा मग उपयोग काय?

हा आक्षेप योग्य आहे. अॅझासिटिडीनची नेहमीची मात्रा शरीराच्या पृष्ठफळाच्या दर चौरस मीटरला ७५ मि.ग्रॅ. असते. १.६ चौरस मीटर पृष्ठफळाच्या रुग्णाला १२० मि.ग्रॅ. लागतात, म्हणजे २५ मि.ग्रॅ. प्रति मि.लि. या प्रमाणात ४.८ मि.लि., आणि ४ मि.लि.हून अधिक मात्रा दोन सिरिंजमध्ये विभागून द्यावी लागते. उरलेले औषध नळीत सोडून द्यायचे म्हटले तर तो धोकादायक कचरा. बाहेर काढून टाकायचे म्हटले तर पुन्हा गळती. ठरावीक मात्रेची औषधे अशा सिरिंजला अधिक शोभतात. जिथे मात्रा बदलते, तिथे ठरवलेल्या खुणेवर दट्ट्या थांबवणारी अडवण देऊन उरलेले औषध नळीतच कुलूपबंद करावे, असे मला वाटते.

चुकीच्या मार्गाने औषध जाण्याचा धोका रचनेने टाळता येतो का?

बराचसा. मणक्यात द्यायच्या औषधांसाठी आता आयएसओ ८०३६९-६ या मानकाची वेगळी जोडणी आहे, जी शिरेच्या नेहमीच्या लुअर जोडणीत बसत नाही. तरीही शिरेतून द्यायच्या व्हिन्क्रिस्टिन या कर्करोगाच्या औषधाबाबत माझे मत ठाम आहे: त्याच्यासाठी सिरिंज आरेखितच करू नये. ते चुकून मणक्यात गेले तर जवळजवळ नेहमीच मृत्यू ओढवतो, आणि म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये ते सिरिंजऐवजी लहान पिशवीतून शिरेत द्यावे असे सांगितले. पिशवी कोणी मणक्याच्या सुईला जोडायला जात नाही.

अशी सिरिंज खरोखर बंद आहे हे कसे सिद्ध करतात?

साठवणीतली बंदिस्ती हेलियमच्या गळतीवरून किंवा निर्वात कक्षातील दाब घसरतो का यावरून तपासतात. वापरतानाची गळती फ्लुरेसीनने दिसते, पण त्याने फक्त द्रव कळते. बाष्पासाठी नायॉशने २०१५ मध्ये मांडलेल्या मसुद्यात ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल औषधाऐवजी भरून, बंद पेटीत सर्व कृती करून, पेटीतल्या हवेत अल्कोहोल किती आले ते मोजण्याची पद्धत होती. या चाचण्या नव्या सिरिंजवर तर कराव्यातच, शिवाय मुदत संपत आलेल्या, विमानातून आणि उन्हातून गेलेल्या सिरिंजवर, हातमोज्यांच्या दोन जोड्या घातलेल्या माणसांकडून कराव्यात. दोन जोड्यांमधून निळी रेष दिसते, पण बोटांना बुचाचा टप्पा जाणवत नाही.

वापरलेल्या सिरिंजचे काय करायचे?

सुईला पुन्हा टोपण लावू नये, सुई वेगळी काढू नये आणि सिरिंज तोडू नये. सुई आपोआप झाकणारे कवच रचनेतच असावे, म्हणजे संपूर्ण वस्तू तशीच सायटोटॉक्सिक (पेशींना मारक) कचऱ्याच्या न भेदल्या जाणाऱ्या डब्यात टाकता येते. हा कचरा उच्च तापमानाच्या भट्टीत जाळावा लागतो. काही औषधांचे पूर्ण विघटन होण्यासाठी १२०० अंश सेल्सिअसपर्यंत तापमान लागते. नळीत साधारण ०.१ मि.लि. औषध नेहमीच मागे उरते, त्यामुळे रिकामी दिसणारी सिरिंजसुद्धा याच डब्यात जाते.